लहान वकिलीचे कार्यक्षेत्र : बमरोलीच्या उदाहरणावरून एक अभ्यास

सनद मिळाल्यानंतर नव्या वकिलापुढे जो पहिला प्रश्न उभा राहतो तो कायद्याचा नसून कामाचा असतो. ज्याच्या घराण्यात वकिली चालत आलेली आहे त्याला पक्षकार वारशाने मिळतात. मोठ्या कार्यालयात उमेदवारी करणाऱ्यास ज्येष्ठांच्या छायेत काम मिळते. परंतु एकट्याने, अथवा दोघा-तिघांनी मिळून, लहानसे कार्यालय थाटणाऱ्यास यांपैकी कोणताच आधार नसतो. असा वकील बहुधा येईल ते काम स्वीकारतो. आज भाडेकरूचा दावा, उद्या धनादेशाची फिर्याद, परवा जामिनाचा अर्ज, अशी त्याची धावपळ चालते. कष्ट पुष्कळ होतात, पण कोणत्याही एका विषयात त्याचा हात बसत नाही आणि अमुक कामासाठी अमुक वकिलाकडे जावे असे लोकांच्या तोंडी होत नाही.

यास्तव स्वतःचे असे एक कार्यक्षेत्र शोधावे, हा सल्ला ज्येष्ठ मंडळी नेहमी देतात. ते शोधावे कोठे, याचे उत्तर मात्र क्वचितच मिळते. पुष्कळ तरुण कायद्यांची यादी समोर ठेवून त्यांतून एखादा आकर्षक विषय निवडतात आणि मग त्या विषयाचे पक्षकार आपल्या गावात नाहीत असे त्यांच्या ध्यानी येते. प्रस्तुत लेखात याच्या उलट मार्गाचा विचार केला आहे. आपल्या परिसरातील कोणत्या लोकांचे कोणते काम वारंवार अडते आणि ते सोडविण्यास कोणी का पुढे येत नाही, हे आधी पाहावे. कायद्याचा विषय त्यावरून ठरू द्यावा. उदाहरणादाखल सुरतेच्या बमरोली भागाचा विचार केला आहे. तेथील प्रश्नांचा धागा धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांच्या महसूल दप्तरांपर्यंत पोचतो. म्हणून वकिलांप्रमाणेच या दप्तरांत काम करणाऱ्या अधिकाऱ्यांनाही तो उपयोगी पडावा.

पूर्वीचा एक दाखला

या मार्गाचे उत्तम उदाहरण नाशिक येथे जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांच्या चरित्रात मिळते. त्यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले आणि काही काळ त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात अध्यापन केले. १८८९ साली त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल महाविद्यालयात दाखल झाल्या व १८९२ साली तेथील कायद्याच्या पदवीची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. परंतु स्त्रियांना त्या काळी वकिलीची सनद मिळत नसे. न्यायालयाचा दरवाजा त्यांच्यासाठी बंदच होता.

हिंदुस्थानात परतल्यावर त्यांच्या नजरेस पडदानशीन स्त्रियांचा प्रश्न आला. जमीनदारी व संस्थानी घराण्यांतील विधवांच्या नावे मोठमोठ्या मिळकती असत. पण परपुरुषासमोर येण्याची मनाई असल्याने त्यांना वकिलाशी बोलता येत नसे. त्यांची बाजू दिवाणजी किंवा दीर मांडीत, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची तोच पुष्कळदा त्यांचा निरोप्या असे. या स्त्रियांपर्यंत पोचू शकेल असा कायदा जाणणारा पुरुष असणे शक्यच नव्हते. सोराबजी यांनी हेच काम आपले मानले. काठियावाड व इंदूरच्या बाजूस त्यांनी अशा स्त्रियांची बाजू मांडली आणि १९०४ साली बंगालच्या ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’कडे अशा स्त्रियांच्या कामासाठी त्यांची नेमणूक झाली. स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा १९२३ साली झाला. त्यानंतर १९२४ मध्ये त्या कलकत्त्यास रीतसर वकिली करू लागल्या.

या चरित्रातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, लोकांचा एक विशिष्ट गट होता व त्याचे एकाच प्रकारचे काम पुनःपुन्हा अडत होते. दुसरी, इतर वकील त्या गटापर्यंत पोचू शकत नव्हते, आणि याचे कारण कायद्याचे अज्ञान नसून सामाजिक अडथळा हे होते. तिसरी, तो अडथळा ओलांडण्याचे साधन सोराबजी यांच्याजवळ जन्मतःच होते. ज्या स्त्रीत्वामुळे त्यांना न्यायालयात मज्जाव होता, त्याच स्त्रीत्वामुळे त्यांना अंतःपुरात प्रवेश होता. या तिन्ही गोष्टी ज्या ठिकाणी एकत्र येतात तेथे लहान वकिलाचे कार्यक्षेत्र असते.

बमरोलीचा परिसर

बमरोली हा भाग आज सुरत महापालिकेच्या हद्दीत असून पांडेसरा औद्योगिक वसाहतीला लागून आहे. यंत्रमागांचे कारखाने आणि कापड रंगविण्या-छापण्याच्या गिरण्या हा या परिसराचा मुख्य उद्योग होय. येथील कामगारांत ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातील लोक पुष्कळ आहेत. उत्तर प्रदेश व बिहारचे आहेत. आणि खानदेशातून आलेली मराठी कुटुंबेही या बाजूच्या उधना, पांडेसरा, लिंबायत या वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. उधन्याहून निघणारा लोहमार्ग व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव असा जळगावला पोचतो. या वाटेवरील गावांना पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्यापेक्षा सुरत जवळची.

१ मे १९६० पूर्वी सुरत आणि खानदेश एकाच मुंबई राज्यात होते. त्यामुळे दोन्हीकडील कायद्यांचे मूळ पुष्कळ अंशी एक आहे. १९४८ चा कूळकायदा आणि १९५८ चा मुद्रांक कायदा हे मूळचे मुंबई राज्याचे. पुढे दोन्ही राज्यांनी ते चालू ठेवले व अलीकडे त्यांच्या नावांतील ‘मुंबई’ हा शब्द काढून आपापल्या राज्याचे नाव घातले. सात-बाराचा उतारा दोन्हीकडे आहे आणि फेरफाराचा गाव नमुनाही दोन्हीकडे सहाव्या क्रमांकाचाच आहे. मात्र जमीन महसुलाच्या बाबतीत गुजरातेत १८७९ ची संहिता दुरुस्त्यांसह चालू राहिली, तर महाराष्ट्राने १९६६ साली स्वतःची नवी संहिता केली. म्हणजे कागदांची ठेवण सारखी, पण त्यामागील कलमे, मुदती व भाषा वेगवेगळ्या.

बमरोलीतील खानदेशी कामगाराचे आयुष्य या दोन दप्तरांत विभागलेले असते. वेतन, बँकखाते, मुलांची शाळा व शिधापत्रिका गुजरातेत. वडिलांची जमीन, घराची नोंद व जातीचा दाखला महाराष्ट्रात. एरवी हे दोन प्रवाह एकमेकांना स्पर्श न करता चालतात. घरातील कर्ता माणूस गेला म्हणजे मात्र दोन्ही दप्तरे एकाच वेळी उघडावी लागतात.

एक मृत्यू, दोन दप्तरे

समजा, २०२४ साली बमरोलीतील एका यंत्रमाग कारखान्यात विजेचा धक्का बसून एक मराठी विणकर मरण पावला. त्याचे वय ३० वर्षे, मूळ गाव धुळे जिल्ह्यातील. मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी, गावी आई आणि एक भाऊ. गावच्या सात-बाऱ्यावर दोघा भावांची व आईची नावे. दिवसकार्य आटोपताच पत्नीपुढे दोन प्रस्ताव येतात. कारखान्याचा मालक काही रोख रक्कम देऊन कागदावर अंगठा मागतो; आणि गावी दीर सांगतो, ‘वहिनी, जमिनीचं तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका, मी बघतो सगळं. हक्कसोडावर फक्त सही करा.’ दोघांच्याही मनात वाईटच असेल असे नाही. परंतु या दोन कागदांवर त्या बाईचे व तिच्या मुलांचे पुढील आयुष्य अवलंबून असते, आणि ते कागद पुढे येतात तेव्हा तिच्या शेजारी जाणते असे कोणी नसते.

आता या एका मृत्यूतून उद्भवणाऱ्या कामांचा क्रमाने विचार करू.

पहिले काम अपघात-भरपाईचे. येथे प्रथम पाहावयाचे ते हे, की मृत कामगार राज्य विमा योजनेखाली विमेदार होता काय. तसा असल्यास भरपाईचा अर्ज चालत नाही. अवलंबितांना योजनेखालील निवृत्तिवेतनासारखा लाभ मिळतो. विमेदार नसल्यास १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली हक्क उत्पन्न होतो. मृत्यूच्या बाबतीत मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेस वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणावयाचे असते. २०२० च्या अधिसूचनेनुसार या हिशेबासाठी वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरले जाते आणि वय ३० साठी गुणक २०७.९८ आहे. वेतन तितके सिद्ध झाल्यास ७,५०० गुणिले २०७.९८ म्हणजे १५,५९,८५० रुपये होतात. मालकाने देऊ केलेली रोख रक्कम याच्याशी ताडून पाहिली म्हणजे अंगठ्याची किंमत कळते.

त्याच कायद्याच्या कलम ८ नुसार मृत्यूची भरपाई आयुक्ताकडे जमा करणे आवश्यक आहे. तीन महिन्यांच्या वेतनापर्यंतची आगाऊ रक्कम वगळता मालकाने परस्पर विधवेच्या हातात दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. म्हणून कारखान्याच्या दारात झालेल्या समजुतीने तिचा हक्क बुडत नाही. ही गोष्ट तिला कोणी सांगितली तरच तिचा उपयोग. अर्जाची मुदत दोन वर्षांची आहे. रक्कम देय झाल्यापासून एका महिन्यात न दिल्यास किमान बारा टक्के व्याज लागते आणि पुरेसे कारण नसल्यास रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही होऊ शकतो.

पती गेल्यावर अशी स्त्री पुष्कळदा मुलांना घेऊन गावी परतते. १९९५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने तिची मोठी सोय केली आहे. अपघात जेथे घडला तेथेच नव्हे, तर अवलंबित व्यक्ती जेथे सामान्यतः राहते तेथील आयुक्ताकडेही अर्ज करता येतो. मात्र त्या आयुक्ताने अपघातस्थळाच्या आयुक्तास व संबंधित राज्य शासनास सूचना द्यावी लागते. अर्ज धुळ्यास करावा की सुरतेस, हा निर्णय केवळ सोयीचा नाही. बमरोलीच्या विणकराजवळ नेमणुकीचे पत्र बहुधा नसते. मजुरी मीटरवर मोजली जाते व तिचा हिशेब वहीत राहतो. नोकरी व वेतन सिद्ध करणारे साक्षीदार, म्हणजे शेजारच्या मागावरचे सोबती, सुरतेतच असतात आणि तेही काही महिन्यांत कारखाना बदलतात. अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा व शवविच्छेदनाचा अहवाल गुजरातीत असतो. म्हणून बाईने गावी जाण्यापूर्वीच या कागदांच्या नकला व सोबत्यांची नावे-पत्ते मिळवून ठेवणे हे वकिलाचे पहिले कर्तव्य होय.

येथे एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली असून १९२३ चा कायदा तिच्यात समाविष्ट झाला आहे. भरपाई प्राधिकाऱ्याकडे जमा करण्याचे तत्त्व, दोन वर्षांची मुदत आणि अवलंबिताच्या निवासस्थानी अर्ज करण्याची सोय या गोष्टी संहितेतही आहेत. परंतु कलमांचे क्रमांक बदलले आहेत. अपघाताची तारीख पाहूनच कोणता कायदा लावावयाचा ते ठरवावे.

दुसरे काम बँकेतील ठेवीचे. नामनिर्देशन नसल्यास व रक्कम मोठी असल्यास बँक भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ खालील प्रमाणपत्र मागते. मृत व्यक्ती मृत्युसमयी सामान्यतः जेथे राहत होती तेथील जिल्हा न्यायालयास त्याचा अधिकार असतो. म्हणजे येथे सुरतेस. ते प्रमाणपत्र भारतभर चालते, पण केवळ येणी व रोखे यांपुरते. त्याच्या बळावर गावची जमीन नावावर होत नाही. हा भेद न कळल्यामुळे सुरतेचे प्रमाणपत्र घेऊन धुळ्याच्या कार्यालयात हेलपाटे घालणारी कुटुंबे असतात.

तिसरे काम जमिनीचे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ नुसार वारसाने हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत गावच्या महसूल दप्तरास, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्यास व आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यास, वर्दी द्यावयाची असते. कलम १५० नुसार फेरफाराची नोंद चावडीवर लावावी लागते आणि ज्यांचा हितसंबंध दिसतो त्यांना लेखी कळवावे लागते. चावडीवरचा कागद बमरोलीत राहणाऱ्या विधवेस दिसत नाही. दिराने केवळ आपले व आईचे नाव सांगितले तर तिच्या अपरोक्ष नोंद होऊ शकते. आता वारसनोंदीचा अर्ज ‘ई-हक्क’ प्रणालीवरून करता येतो आणि प्रलंबित फेरफार ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर पाहता येतो. बमरोलीत बसलेल्या वकिलास गावचे दप्तर असे रोज उघडून पाहता येते, ही सोय एका पिढीपूर्वी नव्हती.

नोंद चुकीची झाल्यास वरिष्ठ महसूल अधिकाऱ्याकडे अपील आहे. तसेच फेरफाराने मालकी निर्माण होत नाही व नाहीशीही होत नाही. तिचा निर्णय दिवाणी न्यायालय करते. तथापि चुकीची नोंद वर्षानुवर्षे राहिली, तिच्या आधारे जमीन विकली गेली, म्हणजे विधवेला खरेदीदाराशीही झगडावे लागते. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत दिलेला एक साधा अर्ज पुढील दहा वर्षांचा दावा वाचवितो.

हिस्सा किती, याचे उत्तर जमिनीच्या स्वरूपावर अवलंबून आहे. मृताचा स्वतंत्र हिस्सा असेल तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे पत्नी, मुलगा, मुलगी व आई हे चौघे समान वारस होत. आईचाही वाटा असतो, हे पत्नीच्या बाजूच्या वकिलानेही विसरू नये. जमीन वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असेल तर २००५ ची दुरुस्ती आणि विनीता शर्मा प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा ११ ऑगस्ट २०२० चा निर्णय पाहावा लागतो. मुलीस जन्मतःच मुलाइतका हक्क आहे. कुटुंब अनुसूचित जमातीचे असेल तर कलम २(२) अन्वये हा कायदा सामान्यतः लागू होत नाही. नंदुरबारकडील अनेक कुटुंबांच्या बाबतीत हा प्रश्न आधीच विचारावयास हवा.

चौथे काम हक्कसोडाचे व कुलमुखत्यारपत्राचे. हक्कसोडपत्र जमिनीच्या क्षेत्रातील दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते. परंतु तेथे दस्त सादर करण्यासाठी दिलेले कुलमुखत्यारपत्र, नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम ३३ प्रमाणे, देणारी व्यक्ती जेथे राहते तेथील निबंधकासमोर करता येते. म्हणजे गावी न जाताही हक्क देता येतो, आणि गमावताही येतो. गुजरातेत झालेला दस्त महाराष्ट्रात आणल्यास तो येथे प्रथम पोचल्यापासून तीन महिन्यांत येथील मुद्रांक लावून घ्यावा लागतो. अज्ञान मुलांच्या स्वतंत्र स्थावर मिळकतीवरील हक्क न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून आईला सोडता येत नाही. एकत्र कुटुंबातील अविभक्त हिश्श्याची गोष्ट निराळी. म्हणून जमिनीचे स्वरूप तपासल्यावाचून कोणत्याही कागदावर सही होऊ देऊ नये.

पाचवे काम वरवर क्षुल्लक दिसते, पण बाकीची चारही त्यावर अडतात. ते नावाचे होय. गुजराती कागदांत माणसाच्या नावास ‘भाई’ व स्त्रीच्या नावास ‘बेन’ जोडण्याची रूढी आहे. गावच्या उताऱ्यावरील सुरेश सुरतेच्या मृत्यूच्या दाखल्यात सुरेशभाई होतो. आडनाव कधी आधी येते, कधी नंतर. उताऱ्यावरील मनुष्य व दाखल्यातील मनुष्य एकच, हे प्रतिज्ञापत्राने, शाळेच्या दाखल्याने व जुन्या शिधापत्रिकेने सिद्ध करावे लागते. मृत्यूची नोंद मृत्यू जेथे घडला तेथेच होते. तीत चूक राहिली तर दुरुस्तीही तेथेच. बाई गावी गेल्यावर हे काम दुप्पट अवघड होते.

हे कार्यक्षेत्र मोकळे का राहिले?

वरील कामांपैकी एकही फार गहन नाही. सुरतेचा निष्णात वकील भरपाईचे काम चांगले करील, पण खानदेशातील फेरफाराशी त्याचा संबंध नसतो. धुळ्याचा निष्णात वकील वारसनोंद चांगली करील, पण गुजराती पंचनामा त्याला वाचता येत नाही आणि मागावरचा साक्षीदार त्याच्या आवाक्याबाहेर असतो. दोघांच्या मधली जागा मोकळी राहते, आणि ती भरून काढण्यास दलाल पुढे येतात. जो वकील मराठी व गुजराती दोन्ही वाचतो, अहिराणीत बोलणाऱ्या बाईचे म्हणणे दुभाष्यावाचून समजून घेतो आणि दोन्ही दप्तरांची वहिवाट जाणतो, त्याला या जागेत प्रतिस्पर्धी फारसा नसतो.

अधिकाराचीही अडचण नाही. अधिवक्ता अधिनियम, १९६१ चे कलम ३० हे १५ जून २०११ पासून अमलात असून कोणत्याही राज्याच्या नोंदवहीतील वकिलास भारतभर वकिली करता येते. तरी प्रत्येक तारखेस दोन्हीकडे धावणे एकट्यास परवडणार नाही. खानदेशातील एखाद्या समव्यवसायी वकिलाशी कायमचा संबंध ठेवून काम वाटून घ्यावे. वकील नसलेल्याशी मात्र फी वाटून घेण्याची व्यवस्था वकील परिषदेच्या नियमांनी निषिद्ध आहे.

पाटीवर न लिहिता येणारी गोष्ट

कार्यक्षेत्र सापडले तरी त्याची जाहिरात करता येत नाही. वकील परिषदेच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाने काम मिळविण्यासाठी जाहिरात वा याचना करू नये; आपण अमुक प्रकारच्या कामात तज्ज्ञ आहोत असे पाटीवर लिहिण्यासही मनाई आहे. २००८ च्या दुरुस्तीने संकेतस्थळावर नाव, पत्ता, पात्रता, कामाचे क्षेत्र अशी ठराविक माहिती देण्याची मुभा मिळाली, तेवढीच. नव्या वकिलास हा नियम जाचक वाटेल. पण बमरोलीसारख्या वस्तीत पाटी वाचून कोणी वकील निवडीत नाही. एका विधवेचे काम नीट झाले की तिच्या गावची व गल्लीची माणसे तोच पत्ता विचारीत येतात.

फीविषयीही नियम स्पष्ट आहे. निकालावर अवलंबून असणारी फी ठरविणे, अथवा मिळणाऱ्या रकमेत वाटा ठेवणे, नियम २० ने वर्ज्य आहे. भरपाईच्या कामात हा मोह मोठा असतो. त्याऐवजी कामाच्या टप्प्यांप्रमाणे ठरलेली, आधी सांगितलेली व पावती दिलेली फी घ्यावी. ज्यांना तेवढीही झेपत नाही त्यांच्यासाठी विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती व औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाचा विचार न करता मोफत विधी साहाय्य मिळते. प्राधिकरणाच्या पॅनेलवर नाव असलेल्या वकिलास अशी कामे रीतसर करता येतात आणि त्यांतूनच त्याचा अनुभव वाढतो.

एक धोका याहून गंभीर आहे. एकाच गावचा, एकाच भाषेचा वकील म्हणून सारे कुटुंब त्याच्याकडे येते. विधवा आज येते, दीर उद्या येतो, सासूही येते. ‘आपल्याच घरातलं आहे, तुम्हीच दोघांचं बघा’ असे म्हटले जाते. ज्याला एकदा एका पक्षाचा सल्ला दिला त्याच्या विरुद्ध पक्षाचे काम त्याच प्रकरणात घेता येत नाही, असे नियम ३३ सांगतो. समेटासाठी सर्वांना एकत्र बसविण्यास हरकत नाही. पण आपण कोणाचे वकील आहोत हे पहिल्या भेटीतच स्पष्ट करावे व इतरांना दुसऱ्या वकिलाकडे जाण्यास सांगावे. सोराबजींच्या काळी ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच निरोप्या असे. वकिलाने दोन्ही बाजू आपल्या हाती ठेवल्या तर तोच प्रकार नव्या रूपात सुरू होतो.

उपसंहार

बमरोलीचे उदाहरण जसेच्या तसे अन्यत्र लागू पडणार नाही. ऊसतोड कामगारांच्या तालुक्यात प्रश्न निराळे असतील, गोव्याच्या सीमेवर निराळे, बेळगाव-निपाणीकडे निराळे. परंतु शोधण्याची रीत तीच राहील. कोणाचे काम पुनःपुन्हा अडते, इतर वकील तेथे का पोचत नाहीत, पोचण्याचे कोणते साधन आपल्याजवळ आहे, आणि त्या कामावर प्रामाणिकपणे चरितार्थ चालेल काय, या चार प्रश्नांची उत्तरे वर्षभर डोळे उघडे ठेवून मिळवावीत. ती मिळेपर्यंत येईल ते काम करण्यात कमीपणा नाही. मात्र आलेल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवावी. वर्षअखेर ती वही चाळली असता एकाच प्रकारच्या कामाची पुनरावृत्ती दिसू लागते, आणि बहुधा तेथेच आपले कार्यक्षेत्र असते.

महसूल खात्यासही यातून एक सूचना घेण्यासारखी आहे. सीमेवरील जिल्ह्यांत वारसनोंद करताना मृत खातेदार परराज्यात राहत होता काय व त्याची पत्नी-मुले कोठे आहेत, एवढी विचारणा झाली, तर चावडीवरचा कागद ज्यांच्यासाठी असतो त्यांच्यापर्यंत तो पोचेल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. उत्तराधिकार प्रमाणपत्र व वारसनोंद यांचे उपयोग कोणते? एकाच्या जागी दुसरे का चालत नाही?

२. मृत कामगाराची विधवा गावी परतली असता भरपाईचा अर्ज कोठे करावा? दोन्ही पर्यायांचे लाभ-तोटे मांडा.

३. दीर व विधवा एकाच वकिलाकडे आल्यास वकिलाने पहिल्या भेटीत काय करावे?

४. आपल्या तालुक्यातील कोणत्या लोकांचे कोणते काम वारंवार अडते, ते पाच ओळींत लिहा व त्यामागील कायद्याचा विषय ओळखा.